पळालेले मोर आणि वांग्याची साडी

सुरतेच्या पांडेसऱ्यात ज्या दिवशी साड्यांवरचे मोर पळाले, त्या दिवशी मी तिथंच होतो, लखनच्या स्टुडिओत, एसीखाली, चांगल्या जागी. म्हणजे ऐकीव सांगत नाही. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं पांडेसऱ्यात जाऊन कोणत्याही बाईला विचारावं. ती "असं काही झालंच नाही" म्हणाली तर समजावं, तिला अजून लाज वाटते.

लखनचा स्टुडिओ म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली, दोन काँप्युटर आणि भिंतीवर टांगलेल्या सॅम्पलच्या साड्या. बाहेरून पाहाल तर शिंप्याचं दुकान वाटेल. पण सुरतेतल्या निम्म्या साड्यांवरची फुलं त्या खोलीतून निघतात. निम्म्या हे मी कमी करून सांगतोय. व्यापारी येतो, "मोर चाहिए, नाचता हुआ" म्हणतो. लखनकडं मोर तयार होतो, फाइल होऊन काँप्युटरच्या डब्यात बसतो, तिथून प्रिंट मिलमध्ये जातो आणि मिलमधून बायकांच्या अंगावर. माझा उभा जन्म मिलच्या कलर किचनमध्ये रंग घोटण्यात गेला. मोर कुठून येतो ते मला ठाऊक होतं. तो परत जाऊ शकतो हे मात्र त्या दिवशी कळलं.

लखनचा एक नेम होता. डिझाइनच्या नंबरात शेवटी एक पाहिजेच. शंभर नाही, एकशे एक. अडीचशे नाही, दोनशे एक्कावन्न. आहेराच्या पाकिटात आपण वर एक ठेवतो ना, तसा. तो मला म्हणायचा, "आबा, शून्यावर नंबर संपला की दुकान संपलं. एक राहिला म्हणजे पुढं काहीतरी येणार." त्याच्या डब्यात मोर, कोयऱ्या, हत्ती, जाळ्या, कमळं, सगळी एकवर संपणारी. चुकून एखाद्या नंबराला शून्य लागलंच तर तो उठून हात धुऊन यायचा.

त्याच्याकडं हर्षदा कामाला होती. धुरपदाबाईची पोरगी, मूळची खानदेशातली, अमळनेरकडची. आई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते, पोरगी इथं काँप्युटरवर दुसऱ्यांच्या मोरांची पिसं साफ करते. पण हर्षदाच्या डोक्यात स्वतःची एक साडी होती, आणि ती तिनं काढली. काय काढलं असेल? वांगी! हिरवी, काटेरी देठाची, भरताची वांगी, त्यांच्यामध्ये जांभळी फुलं, पदरावर वांग्याचं अख्खं शेत.

लखननं चष्मा वर करून पाहिलं. "ही साडी आहे का भरीत?"

"दादा, वांग्याचं फूल कधी नीट पाहिलंय तुम्ही?"

"मी वांगं खातो, त्याच्या फुलाची चौकशी करत नाही."

तरी पोरीचा जीव बघून त्यानं एक सॅम्पल छापू दिलं. नंबर दिला सातशे चाळीस. हर्षदानं विचारलं, "माझा एक कुठाय?" तर म्हणतो, "आधी कुणी घेऊ दे, मग लावू एक. न विकलेल्याला कसला शकुन!"

त्या दिवशी दुपारी पर्वत पाटियाचे व्यापारी ललितभाई येणार होते. मोठं दुकान, तोंडही मोठं. लखननं हर्षदाला सरळ सांगून टाकलं होतं, "तुझं वांगं आज त्यांना दाखवतो. घेतलं तर उद्यापासून तू डिझायनर, त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर. नाही घेतलं तर पुन्हा वांग्याचं नाव काढायचं नाही, गुपचूप मोर साफ करायचे." पोरगी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. सॅम्पलची साडी आईला नेसवून पाठवलेली, शेजारच्या लग्नाला, रस्त्यावरच्याच मांडवात. "लोकांच्या नजरेतून तरी जाऊ दे," म्हणाली.

आणि ऐन वेळी डबा अडला. वांग्याची फाइल उघडेचना. पडद्यावर पाटी आली, जागा नाही. जागा राहील कशी? आधीच्या ऑपरेटरला, त्या वाल्मिकला, घाबरून प्रत्येक फाइल दोनदा ठेवायची खोड होती. कोयरी एकदा, आणि नावामागं एक लावून पुन्हा, कोयरी एक. कमळ, आणि कमळ एक. मधल्या मध्ये डबा फुगून पुरीसारखा झाला होता.

लखन ओरडला, "ज्याच्या मागं एक लागलाय ते सगळं डबल आहे, फेकून दे! बारा वाजत आले!"

"एकेक करून फेकायला संध्याकाळ होईल, दादा. थांबा, स्क्रिप्ट लिहिते." तिनं पडद्यावर काळी खिडकी उघडली. मी खुर्ची पुढं ओढली. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं उमटायला लागली की मला कीर्तनाला बसल्यासारखं होतं.

"आबा, हे बघा. हा स्टार. स्टार म्हणजे काहीही. स्टार आणि त्याच्यामागं एक, म्हणजे पुढं काही का असेना, शेवटी एक आहे ते सगळं उचल. पहिली ओळ सांगते, उचललेलं भंगार नावाच्या खोक्यात टाक. दुसरी ओळ, खोक्यातलं सगळं पुसून टाक. तिसरी ओळ, खोकंच मोडून टाक, आणि मला विचारत बसू नको."

"वा!" मी म्हणालो. "कचरेवाल्यापेक्षा चांगलं काम!"

तिनं एंटर मारला.

आधी पंख्याचा आवाज वाढला. मग डब्यातून खुळखुळ ऐकू आली, सुपात हरभरे घोळवावेत तशी. मी भिंतीकडं पाहिलं आणि माझ्या हातातला चहाचा कप जागच्या जागी थांबला. भिंतीवरच्या साडीतल्या बुट्ट्या खाली घरंगळत होत्या! टपटप, टपटप, काठावरून सुटून फरशीवर, फरशीवरून ओळीनं टेबलाच्या पायावर चढून डब्याच्या मागच्या भोकातून आत. शेजारच्या साडीतल्या जाळीचा एक धागा सुटला आणि स्वेटर उसवावा तशी सगळी जाळी सर्रकन ओढली गेली. आणि मोर! मोरानं आधी मान वळवून लखनकडं पाहिलं, पंख फडफडवले आणि घेतली उडी. पिसारा काठाच्या कोपऱ्यात अडकला होता, तो त्यानं दोन हिसक्यांत सोडवला.

"हर्षदा!" लखन किंचाळला. "माझा मोर!"

मी खिडकीशी गेलो. खाली रस्ता चालू होता आणि रस्त्यावरच्या बायकांच्या अंगावरून फुलं उठत होती. लाल साडी लाल राहिली, निळी निळी राहिली, पण वरचं सगळं उडालं. कोयऱ्यांचा थवा, कमळांचा थवा, मागून हत्ती, तेही उडतच, कान हलवत. सगळे आमच्या खिडकीतून आत, आमच्या डब्यात. रिक्षात बसलेली एक बाई पदर उलटासुलटा करून पाहत होती आणि रिक्षावाल्याला बोल लावत होती, जसं काही त्यानंच फुलं मीटरमध्ये घातली. समोरच्या मिलमधून माणसं धावत बाहेर आली. टेबलावर छापलेलं कापड कोरं झालं होतं. पलीकडच्या सचिन गावाहून लखनला कुणाचा तरी फोन आला, "तिकडं काही हललं का? आमच्याकडं ट्रकमधला माल आवाज करतोय!"

लखननं डोकं धरलं. "अगं, डबल फेकायला सांगितलं होतं!"

"तुम्हीच म्हणालात, ज्याच्या मागं एक..." आणि पोरगी मध्येच थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "दादा. आपल्या सगळ्याच नंबरांच्या मागं एक आहे."

खोलीत मोगऱ्याचा वास भरला होता. तो डब्याच्या पंख्यातून येत होता. आतून मधूनच मोर ओरडत होता. पडद्यावर दुसरी ओळ उभी होती आणि मशीन विचारत होतं, भंगारमधलं सगळं पुसायचं, नक्की ना? हो असेल तर वाय दाबा, नाही तर एन दाबा. शेजारी रेघ लुकलुक करत होती.

म्हणजे सुरतेची सगळी फुलं त्या क्षणी भंगारच्या खोक्यात जिवंत होती. एक बोट पडलं की संपली.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. ललितभाई! पांढराशुभ्र सफारी, कपाळावर घाम, आणि चेहरा असा उजळलेला, जणू स्वतःचंच लग्न ठरलंय. "लखन! शुं थयुं आ? क्या हो गया ये? पूरे रोड पे सब बाई प्लेन साडी में! और बीच में एक बाई... एक ही बाई... बैंगन की साडी! मेरा पाँव अपने आप ब्रेक पे गया! कौन है वो?"

"माझी आई," हर्षदा म्हणाली.

"और साडी?"

"माझी."

सातशे चाळीसला एक नव्हता ना! स्टारनं सगळ्या शहराला उचललं आणि तिच्या वांग्याला हात लावला नाही.

लखननं ललितभाईंना सगळं सांगितलं, सांगायला नको होतं तेही सांगितलं. ललितभाई पडद्याजवळ गेले. त्यांनी तो प्रश्न वाचला. मग वळून हर्षदाकडं पाहिलं, आणि त्यांच्या आवाजात साखर उतरली.

"बेन, देख. ये सब जो अंदर है, पुराना माल है. मोर, हाथी, कितने साल देखेंगे लोग? दबा दे वाय. कल सुबह पूरे सुरत में एक ही डिझाइन बचेगा. तेरा. मेरी दुकान में पूरा सीझन खाली बैंगन. और हर डिब्बे पे तेरा नाम. हर्षदा साडी."

मी हर्षदाकडं पाहिलं. खोटं कशाला बोलू, पोरगी हलली. ज्या खुर्चीसाठी तिचा जीव अडकला होता ती खुर्ची कुठच्या कुठं राहिली, इथं अख्खं शहर समोर वाढून ठेवलं होतं. तिचं बोट कीबोर्डवर गेलं. लखन पुतळ्यासारखा. मी म्हणालो, "पोरी..."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धुरपदाबाई! बाईचा आवाज एरवीच जिन्यापर्यंत येतो, त्या दिवशी तर सगळ्या खोलीत घुमला.

"हर्षू! वं माय, आठे काय व्हयनं माहीत शे का? समद्या बायास्ना साडीवरना फुलं उडी ग्यात! मन्हीच साडी तेवढी शाबूत! समद्या माले देखी ऱ्हायन्यात वं, समद्या! सासूबी, व्याहीनबी!"

हर्षदाच्या तोंडावर हसू फुटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या बाईकडं आज मांडव पाहत होता.

"चांगलं आहे ना, माय?"

फोनमध्ये मागून कुणाचं तरी रडणं ऐकू आलं.

"चांगलं शे. पन नवरी रडी ऱ्हायनी वं. तिना शालू कोरा व्हई ग्या. मी एकली नटीसन काय करू? माले बसाले जागा नही गवसत, इतली लाज वाटी ऱ्हायनी. तुन्हा त्या डबामा काही इलाज व्हई ते कर."

फोन बंद झाला. हर्षदानं केसातली पिन काढली, कीबोर्डच्या वायच्या बटणाखाली घातली आणि टच्च! बटण उडवलं. हवेत झेललं आणि मुठीत बंद.

"अरे पागल!" ललितभाई ओरडले.

लखनच्या अंगात जीव आला. "शाब्बास! आता एन दाबून मोकळं करतो!" आणि तो बोट घेऊन धावला.

"दादा, एनला हात लावू नका!" हर्षदा अशी ओरडली की माझा चहा शेवटी सांडलाच. "एन दाबलं तर ही ओळ सुटेल आणि तिसरी ओळ सुरू होईल. खोकंच मोडून टाक, आणि विचारत बसू नको! मीच लिहिलंय ते!"

घ्या आता! वाय दाबलं तर फुलं गेली. एन दाबलं तर खोक्यासकट गेली. लखननं धावता धावता बोट मागं घेतलं आणि तोल जाऊन तो ललितभाईंच्या अंगावर पडला. मी जाऊन दोघांवर बसलो. आधारासाठी म्हणून नाही, ललितभाई कीबोर्डकडं सरकत होते म्हणून. माझं वजन तेव्हा बरं होतं.

"मग करायचं काय?" खालून लखन.

"सगळं कामच मध्ये थांबवायचं. तसं करता येतं." हर्षदानं कंट्रोल आणि सी, दोन बटणं एकदम दाबली. रेघ थांबली. डब्यातला मोरसुद्धा गप्प. मग पडद्यावर नवीन प्रश्न आला. काम थांबवायचं का? वाय किंवा एन.

थांबवायचं, म्हणजे हो. हो, म्हणजे वाय. आणि वाय पोरीच्या मुठीत!

ललितभाई माझ्याखालून हसायला लागले. असे हसले की मी वरखाली व्हायला लागलो. "दबा! दबा अब वाय!"

हर्षदानं ते बटण जागेवर बसवून पाहिलं. बसेना, पिननं त्याचा पाय मोडला होता. मग तिनं बटण फेकून दिलं, त्या रिकाम्या खळग्यातला रबराचा बारीक ठिपका शोधला आणि पिनच्या बोथट टोकानं हळूच, डाळिंबाचा दाणा सोलावा तसा, दाबला.

काम थांबलं. भंगारचं खोकं जागच्या जागी, फुलांसकट.

"उठा आबा," लखन कण्हला. मी लगेच उठलो, फार वेळ लावला नाही.

आता फुलं परत पाठवायची होती. पण कुणाची कुठं? खोक्यात सगळ्या व्यापाऱ्यांचा माल एकत्र कोंबलेला. हर्षदा या वेळी घाई करेना. प्रत्येक नंबरापुढं व्यापाऱ्याची खूण होती, ती घेतली, त्यामागं स्टार लावला, आणि आधी नुसतं विचारलं, काय काय उचलशील ते फक्त दाखव. पडद्यावर नावं धावली. ती एकेक वाचून मान हलवत होती.

"आता हलव म्हण ना!" लखन नाचत होता. "खाली बायका दगड गोळा करतायत!"

"मघाशी दाखव न म्हणता हलवलं, म्हणून तर दगड गोळा करतायत."

मग तिनं हलवायला लावलं. वा रे वा! डब्याच्या मागून कोयऱ्यांची पिचकारी उडाली. कमळं खिडकीतून गेली ती उन्हात चमकत, ज्याच्या त्याच्या पदराकडं, एकसुद्धा रस्ता चुकलं नाही. जाळ्या हवेतच विणल्या गेल्या. खाली रस्त्यावर बायका हात वर करून उभ्या, जशी काही पाऊसधार झेलायची आहे, आणि प्रत्येकीच्या अंगावर तिची तिची साडी उमटत होती. मोर सगळ्यात शेवटी निघाला. जाताना लखनच्या टकलावर पाय ठेवून गेला.

एक घोटाळा झाला, तो सांगतो. हत्तींच्या वेळी लखननं घाईत मध्ये बोट घातलं आणि हलवायच्या ऐवजी कॉपी झालं, तेही सगळीकडं. मग काय, सुरतभर हत्ती! शाळेच्या गणवेशावर हत्ती, हवालदाराच्या खाकीवर हत्ती, बँकेतल्या साहेबाच्या टायवर एकावर एक सात उभे. हर्षदानं जादाचे हत्ती नीट पारखून काढून टाकले. ललितभाईंच्या पांढऱ्या सफारीवर मात्र खिशाशी एक राहिला. लहानसाच, सोंड वर केलेला.

सगळं शांत झाल्यावर ललितभाई खुर्चीवर बसले. रुमालानं मान पुसली. हर्षदा उभी होती, हात मागं, केस सुटलेले. पडद्यावर आता डिझाइनांचा समुद्र पसरला होता. मोर, कमळं, कोयऱ्या, आणि त्यात कुठंतरी एक वांगं. आता ब्रेकवर पाय जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"दिखा," ललितभाई म्हणाले.

तिनं एकेक दाखवलं. मधे वांगं आलं. ती त्यावर ना जास्त थांबली, ना कमी. ललितभाई पुढं गेले. दोन मोर पाहिले, एक जाळी पाहिली. लखननं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"पीछे ले," ललितभाई म्हणाले.

ती मागं आली.

"ये फूल बैंगन का है?"

"हो. असंच असतं. मध्ये पिवळं."

ते पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "पूरा सीझन नहीं. एक लॉट. चार मॅचिंग में, मतलब चार रंग में. और सुन, पदर का खेत मत छेडना, वैसा ही चाहिए."

पोरीनं अशी टाळी वाजवली की स्वतःच दचकली. लखन तर खिडकीजवळची खुर्ची रुमालानं पुसायलाच लागला.

ललितभाई उठून दाराशी गेले आणि परत आले. आवाज खाली. "बेन, एक बात. डिझाइन तो ठीक है. वो जो काली खिडकीवाला है... मेरे सामनेवाली दुकान पे थोडा चलेगा क्या? खाली उसके मोर?"

"ललितभाई, मी डिझाइन विकते. ते विकायचं नाही."

"अच्छा अच्छा, पूछा खाली." त्यांनी खिशाकडं बोट दाखवलं. "तो ये हाथी तो निकाल दे. शाम को रिश्तेदारी में जाना है."

हर्षदा खुर्चीवर बसली, खिडकीजवळच्या. बाही सरसावली, काळी खिडकी उघडली. "काढते ना. तुमच्या सफारीवर स्टार लावते आणि सगळं डिलीट म्हणते."

ललितभाईंनी दोन्ही हातांनी सगळी बटणं झाकली. "नहीं नहीं! रहने दे! अच्छा है हाथी, शुभ होता है!" आणि जिना असा उतरले की त्यांच्या खिशावरच्या हत्तीचीसुद्धा धावपळ झाली.